पडद्यातली लाल स्वेटरवाली

"आहे! आहे! बघा, उभी आहे!"

दुसऱ्या मजल्यावरचे काका हँडब्रेक ओढून गाडीबाहेर पडले, ते चपला आतच टाकून. आम्ही सगळे पार्किंगमध्ये धावलो. गाडी रिव्हर्स गिअरमध्ये, डॅशबोर्डवरचा तळहाताएवढा पडदा चालू आणि त्यात लाल स्वेटर घातलेली चार-पाच वर्षांची मुलगी. मागे जाऊन पाहिलं तर नुसती फरशी. परत पडद्याकडे पाहिलं तर ती तिथेच. मग ती हळूच खाली वाकली आणि पडद्यावर पुन्हा रिकामी फरशी आली.

तो स्वेटर सगळ्यांनी ओळखला होता. मी मोटार ड्रायव्हिंग शिकवते, भुताखेतांना भाव देत नाही. पण त्या सकाळी माझीही बोबडी वळली, हे कबूल करते.

चार वर्षांपूर्वी माझ्या दादाने याच पार्किंगमध्ये गाडी मागे घेतली होती. आरशात बघून, रोजच्यासारखी. समोरच्या घरातली पाच वर्षांची मुलगी गाडीमागे बसून खडूने चौकोन आखत होती. आरशात दिसण्याइतकी तिची उंची नव्हती. खेळताना गरम व्हायला लागलं म्हणून तिने लाल स्वेटर काढून कठड्यावर ठेवला होता. तो दादानेच उचलून तिच्या आईच्या हातात दिला. तेव्हापासून दादा गाडीत बसलेला नाही आणि धड झोपलेलाही नाही. सोसायटीने ठराव करून सगळ्या गाड्यांना मागचे कॅमेरे बसवले, दादाच्या उभ्या गाडीलासुद्धा. तिची बॅटरी उतरू नये म्हणून मी अधूनमधून इंजिन तेवढं चालू करते.

आणि आता, चार वर्षांनी, हे.

पंधरा दिवसांत ती चार गाड्यांत दिसली. मग काचबाबा आला. हा बाबा काचेतून पलीकडच्यांशी बोलतो, अशी ख्याती.

"लेकरांनो, काच म्हणजे काय? कच्ची भिंत! पलीकडचं जग अलीकडे झिरपतं!" तो म्हणाला.

या हिशोबाने आमच्या चहाच्या ग्लासांतून अख्खा परलोक सांडायला हवा होता. पण लोक माना डोलवत होते. त्या मुलीच्या डोक्यावर पडद्यात एक वाकडी खूण दिसायची. बाबाने डोळे मिटून सांगितलं, "तो यमाचा गळ! पोर त्यात अडकली आहे!" उपाय म्हणून त्याने मंतरलेले काळे कागद वाटले. ते पडद्यावर चिकटवायचे, म्हणजे तिची नजर आत पोचणार नाही. सगळ्यात आधी कागद चिकटवला तो आमच्या दातांच्या डॉक्टरांनी. एक्स-रे पाहिल्याशिवाय दाताला हात न लावणारा माणूस!

"अहो डॉक्टर, मागचं दिसायचं कसं मग?" मी विचारलं.

"पूर्वी काय कॅमेरे होते का?" ते म्हणाले.

पूर्वी काय झालं होतं, ते त्यांच्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग त्यांनी मान खाली घातली. कागद मात्र काढला नाही.

मला एकच गोष्ट खटकत होती. हे भूत ऑफिसच्या वेळेलाच यायचं. सकाळी नऊच्या आसपास. रविवारी पक्की सुट्टी. मी घरी तसं बोलले, तर दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "चेष्टा करू नकोस. ती माझ्यासाठी आली आहे." त्याचा आवाज ऐकून मला भुतापेक्षा त्याचीच भीती वाटली. तो जेवत नव्हता. आणि बाबाने त्याला शेवटचा उपाय सांगितला होता: स्वतःच्या गाडीत बसायचं, ती पडद्यात दिसली की न थांबता गाडी मागे घ्यायची, तिच्या आरपार. म्हणजे ती सुटेल आणि तोही सुटेल.

दुसऱ्या दिवशी नऊला अख्खी सोसायटी जमली. दादा चार वर्षांनी स्टिअरिंगमागे बसला. मी हट्टाने शेजारच्या सीटवर. खिडकीशी बाबा. लांब, जिन्याच्या पायरीवर त्या गेलेल्या मुलीची आई उभी होती. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो.

दादाने रिव्हर्स टाकला. पडदा काळाच राहिला. मग लुकलुकत उजळला.

ती उभी होती. लाल स्वेटर. डोक्यावर तो गळ.

"घे मागे!" बाबा गरजला. "थांबलास तर जन्मभर पाठ सोडणार नाही!"

दादाने ब्रेक घट्ट दाबून धरला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्या गळाकडे टक लावून पाहत होते. शिकाऊ लोकांना मी रोज सांगते, की मागचा कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो, डावं ते उजवं. मी तो गळ मनात उलटा केला.

सात. सातचा आकडा!

इमारतीच्या मागच्या बाजूला पंपाच्या खोलीच्या दारावर पांढऱ्या रंगात मोठा सात आहे. त्या दारासमोर एकच गाडी लागते, दातांच्या डॉक्टरांची. आणि हे कॅमेरे जागे होतात ते फक्त गाडी रिव्हर्सला टाकली की.

"दादा, ही जिवंत आहे! पंपाच्या खोलीपाशी! डॉक्टर गाडी मागे घेतायत!"

मी दार उघडेपर्यंत दादा हँडब्रेक ओढून धावत सुटलाही होता. कोपऱ्याआडून त्याचा आवाज आला, कधी ऐकला नव्हता असा, आणि डिकीवर धडाधड हात आपटल्याचा. गाडी थांबली. चाक आणि वॉचमनची नात यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं. ती उकिडवी बसून गाडीखालच्या मांजरीच्या पिल्लांना हाका मारत होती. दादाने तिला उचललं आणि तो तसाच जमिनीवर बसला. पोरगी म्हणाली, "काका, पिल्लं घाबरली ना!"

डॉक्टर उतरले. त्यांच्या पडद्यावर मंतरलेला काळा कागद होता.

वहिनी आल्या. त्यांनी त्या मुलीच्या स्वेटरवरून हात फिरवला. "मीच दिला हिला. गेल्याच महिन्यात वॉचमनकडे राहायला आली, थंडीत उघडी फिरत होती. कपाटात ठेवून काय करणार होते?"

भुताच्या आगमनाची तारीख अशी जुळली.

बाकीचं कॅमेरे बसवणाऱ्या वायरमनने सांगितलं, मान खाजवत. "कॅमेरे बिनतारी आहेत, एकाच खोक्यातले. चॅनेल बदलायला आत बटण असतं. पण सगळ्या गाड्या एका दिवसात उरकायच्या होत्या, राहिलं ते." म्हणजे दोन गाड्या एका वेळी मागे निघाल्या की एकीच्या पडद्यावर दुसरीचं चित्र. दादाच्या कॅमेऱ्याला वीज पुरवणारी वायर तर उंदरांनी खाल्लेली, त्याच्या पडद्यावर दुसऱ्याचंच चित्र येणार होतं.

मी सगळ्यांसमोर डॉक्टरांच्या गाडीचं इंजिन बंद ठेवून नुसता रिव्हर्स टाकला. वॉचमन नातीचा हात धरून मागे उभा राहिला. इमारतीच्या पुढच्या बाजूला दादाच्या पडद्यावर आजोबा आणि नात, दोघंही हात हलवत होते.

"आता हे म्हातारबुवा कधी वारले?" मी बाबाला विचारलं.

लोक हसले. वायरमन बाबाकडे निरखून बघत म्हणाला, "तुम्ही बाजारात कार-ॲक्सेसरीच्या दुकानात होता ना? माझ्यासारखेच कॅमेरे बसवायचे?" म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. पडद्यातली पोर कुठेतरी खरीखुरी, गाडीमागे उभी आहे, हेसुद्धा. माझं हसू तिथेच आटलं. "पडदे झाका" म्हणणाऱ्या त्या माणसाला मी वॉचमनच्या खोलीत कोंडलं आणि पोलिसांना फोन केला.

दादा अजून जमिनीवरच होता. वहिनी चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर बसल्या.

"तेव्हा कॅमेरा असता तर..." तो म्हणाला.

"तर दिसली असती," वहिनी म्हणाल्या. मग उठून त्यांनी डॉक्टरांच्या पडद्यावरचा कागद ओढून काढला आणि आमच्या सगळ्यांकडे वळल्या. "माझी कुणाला दिसली नाही. ही दिसत होती, पंधरा दिवस, तुम्हा सगळ्यांना. तिला भूत म्हणालात. आता पडद्यात मूल दिसलं, तर आधी उतरून बघा."

आम्ही कागद काढायला लागलो.