वाणातल्या गोळ्या

यंदा संक्रांतीला गुरम्माक्कांनी वाण म्हणून गोळ्या लुटल्या.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. भाऊजींचं उदगिरात औषधाचं दुकान. दुष्काळानं वाणाला ना ऊस, ना बोरं, ना हरभऱ्याचे घाटे. "दरसाली स्टीलच्या वाट्याच द्यायच्या का?" अक्का म्हणाल्या. "आता उदगीर जिल्हा होणार हाय म्हणतेत. जिल्ह्याच्या गावाला शोभंल असं काही पाहिजे." मग भाऊजी जेवायला घरी आले तेवढ्यात त्यांच्या नकळत अक्कांनी दुकानातून खोकं आणवलं आणि भारी अँटिबायोटिकचं एकेक पाकीट बायांच्या ओटीत पडलं. बाया हरखल्या. वाटीला पोचे पडतात, गोळी ऐन वेळी कामी येते.

ऐन वेळ शेजारच्या चतुराबाईंवर आली. तापानं फणफणल्या, वाणातल्या गोळ्या गिळत राहिल्या, ताप हटेना. माझी भाची सिंधु दवाखान्यात रक्त तपासते, तिच्याकडं नेलं. तिनं बोटाएवढ्या पट्टीवर रक्त सोडलं. माझा जप पुरा व्हायच्या आत रेघा उमटल्या.

"आत्या, डेंगू हाय. टँकरचं पाणी पिपात साठवतेत ना सगळे, तिथलेच डास. ह्याला ती गोळी काहीच करत न्हाई."

"अपाय तर न्हाई ना?"

"हाय की. उगं खाल्ली की अंगातले जंतू तिला सरावतेत. उद्या खरी गरज पडली तर जुमानणार न्हाईत. पाकिटं गोळा करा."

चतुराबाईंना सलाइन लागल्यावर मी अक्कांकडं गेले. अक्कांनी पदर सावरला. "कुंकू लावून दिलेलं वाण मागं घेऊ? नीला, उपासानं तुझं डोकं फिरलंय."

"पण कुणी लेकराला दिली म्हणजे?"

"मी देणारी हाय. मागायला मी कुणाचं दार चढणार न्हाई."

त्यांचंही बरोबर होतं. दिलेलं वाण परत मागितलं तर गल्लीत नाक कुठलं राहायचं. देवापुढं बसले आणि सुचलं: परत मागता येत नाही, पण जोगवा मागता येतो. मंगळवारी पाच घरं मागायचं माझं व्रतच आहे, आणि जोगव्याला रिकामं कुणी पाठवत नाही.

परडी घेऊन निघाले. पहिल्याच घरातून मल्लम्मा पीठ घालायला आल्या. मी हळूच म्हटलं, "आज पीठ नको. वाणातल्या गोळ्या घाला."

"का? देवीला बी कणकण हाय?"

मी सिंधुचं बोलणं सांगितलं. त्यांनी पाकीट आणलं, पण दोन गोळ्या काढून घेतल्या. "जावयाला ठेवते. हैदराबादला असतो."

"तिथं डॉक्टर न्हाई का?"

"हाय. पण तपासल्याबिगर गोळी देत न्हाई."

"मग शहाणा दिसतोय."

मल्लम्मांनी माझ्याकडं बघत दोन्ही गोळ्या परडीत टाकल्या.

त्या दिवशी पाच घरांवर भागलं नाही, सारी गल्ली झाली. शेवटी अक्कांचं दार. रथसप्तमीला मुरुडला, माहेरी लुटायचं म्हणून त्यांनी उरलेलं खोकं झाकून ठेवलं होतं.

"बाया मला काय म्हणल्या?" दारातूनच त्यांनी विचारलं.

"तुमचं नाव न्हाई निघालं. अंबाबाईला दिलं म्हणल्या."

अक्का आत गेल्या, खोकं घेऊन आल्या. परडीत मावेना. "राहू दे, सांडशील," म्हणत ते काखेत मारून त्या माझ्याबरोबर दवाखान्याकडं निघाल्या. वाटेत कुणी विचारलं की म्हणायच्या, "देवीचं हाय बाई, पोचवायला चाललो."