नवमीचे बोलावणे

मी एक जुना काळा टेलिफोन आहे. झाशीच्या सदर बाजारात, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत, खिडकीशेजारी माझे स्टूल आहे. मित्रांनो, बोट घालून चकती फिरवायची आणि ती किरकिरत परत यायची वाट बघायची, असे फोन तुम्ही पाहिले नसतील. त्या जातीतला मी.

कारखान्यातून निघाल्यापासून मला स्वस्थता माहीत नाही. वाजलो की कोण असेल म्हणून जीव धडधडतो. गप्प असलो की कोणाला फोन करता येत नसेल, याचा घोर लागतो. पहिली काही वर्षे मी मऊरानीपुरात धान्याच्या आडतीवर होतो. तिथे गव्हाचे भाव ऐकले आणि शिव्या ऐकल्या. मग या खोलीत आलो, तेव्हा कळले की माणूस काहीही न बोलण्यासाठीसुद्धा फोन करतो.

ही खोली अनुसूयाबाईंची. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी ती भाड्याने घेतली. ज्यांना घरातच मार बसतो अशा बायका इथे येत. कोणाला वकील हवा असे, कोणाला डॉक्टर, कोणाला पोरांसकट निजायला सुरक्षित जागा. चंपाही अशीच एकदा आली होती. गालावरची सूज उतरली, पण चंपा गेली नाही. माझ्याशेजारी बसू लागली. फोन उचलून म्हणायची, "बोलो जिज्जी, हम सुन रहे." पलीकडे नुसता श्वास असला तरी ती घाई करत नसे.

आम्ही या बायकांना फोन करायचा तर पंचाईत. पलीकडे नवऱ्याने उचलला तर? म्हणून इथल्या मराठी घरांसाठी अनुसूयाबाईंनी एक वाक्य ठरवले होते: "आमच्याकडे हळदीकुंकू आहे, वहिनींना पाठवा." हळदीकुंकवाला कोणी आडकाठी करत नाही. चंपाने ते वाक्य पाठ केले. बायकांचा काही कार्यक्रम असतो, एवढेच तिला ठाऊक होते.

इंदू एकदाच आली होती, देवळाच्या निमित्ताने. पोलक्याची बाही कोपरापर्यंत ओढून बसली होती. सोबत लहानगी जानकी. "नवरा घरात असला की पोरगी पलंगाखाली जाते," इंदू म्हणाली, "मला तिला तिथून बाहेर काढायचंय." अनुसूयाबाईंनी सांगितले, आसराघरात जागा झाली की फोन करू, तेव्हा निघायचे.

पितृपक्षात एका सकाळी आसराघरातून फोन आला. खोली रिकामी झाली होती, पण आजच्या आज आले तरच मिळणार होती. अनुसूयाबाई कामासाठी बबीन्याला गेलेल्या. चंपाने पदर खोचला आणि माझी चकती फिरवली.

पलीकडे म्हातारा आवाज आला. ही इंदूची सासू, कमळाबाई.

"आमच्याकडे हळदीकुंकू आहे, वहिनींना पाठवा," चंपा एका दमात म्हणाली.

मित्रांनो, माझ्या तारेतून गार काटा गेला. पितृपक्षात हळदीकुंकू! मराठी घरातले शेंबडे पोरही सांगेल की हे दिवस पितरांचे. यात मंगलकार्य नसते. चंपाला यातले काही माहीत नव्हते. मला माहीत होते, पण मी बोलणे पोचवतो, मला स्वतःला बोलता येत नाही.

तेवढ्यात पलीकडून जयसिंगचा, इंदूच्या नवऱ्याचा, आवाज आला. "कोण आहे गं आई? कशाला फोन?"

कमळाबाईंनी श्वास घेतला तो मी ऐकला.

"अरे, आज अविधवा नवमी नाही का! आपल्यातल्याच एकींच्या सासूचं आहे. सवाष्ण जेवायला हवीय, इंदूला बोलावतायत."

"तिलाच का बरं?"

"मग काय तुला बोलावतील? नवमीची सवाष्ण अडवून पितरांचा शाप घ्यायचाय का घरावर?"

दार आपटल्याचा आवाज आला. मग कमळाबाई अगदी हळू बोलल्या. "पोरी, या दिवसांत हळदीकुंकू नसतं. सवाष्ण म्हणायचं असतं. इंदूनं सांगितलंय मला, तुमचा नंबरही दिलाय. येतेय ती, जानकीला घेऊन." आणि फोन ठेवण्यापूर्वी म्हणाल्या, "परत पाठवू नका."

त्यानंतरची ती दुपार! चंपा खिडकीशी जाई, मला उचलून बघे, मी चालू आहे ना म्हणून, परत ठेवी. खाली प्रत्येक ऑटो थांबला की आम्ही दोघेही दचकत होतो. अखेर जिन्यावर लहान पावले वाजली. जानकी आत आली आणि थेट माझ्या स्टुलाखाली शिरली. थोड्या वेळाने तिने हात वर करून माझी चकती फिरवली. इंदू हसली आणि लगेच रडली.

त्या दोघींना जागा मिळाली. पुढे इंदूला कामही मिळाले. पण माझी तगमग संपली नाही. कारण त्यानंतर अधूनमधून एक फोन येऊ लागला. कोणी बोलत नसे. मागे कुकरची शिटी, कधी जयसिंगचे ओरडणे, आणि एक म्हातारा श्वास.

"दोनों ठीक हैं, अम्मा," चंपा सांगे. फोन बंद होई.

सून गेल्यावर तो हात कोणावर उठत असेल?

मग मोबाइल आले. अनुसूयाबाई म्हणाल्या, आता ही जुनी लाईन काढून टाकू. चंपा माझ्यावर हात ठेवून उभी राहिली. "जिज्जी, अम्मा के पास येई नंबर है." कमळाबाईंकडे हाच नंबर होता, म्हणून मी राहिलो.

आज, पितृपक्षातच, तो श्वास पुन्हा आला. या वेळी चंपाने तिथी विचारून ठेवली होती. ती ऐटीत म्हणाली, "अम्मा, आज नवमी आहे. सवाष्ण जेवायला या."

पलीकडे खुदकन हसू आले. "अगं वेडे, मी विधवा. मला कोण सवाष्ण म्हणून बोलावतं?"

"हम बुला रहे हैं ना."

मागे कुकरची एक शिटी झाली, मग गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"भाजी काय केलीयस?" कमळाबाईंनी विचारले.

"अभी नहीं करी. आप बताओ."

"थांब. मी आल्यावर करू."

मित्रांनो, तो फोन आत्ताच ठेवला गेला आहे. चंपा खिडकीशी आहे आणि मी कान लावून बसलो आहे. माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. शेजारच्या घरातून ओरडणे ऐकू आले तर रेडिओ मोठा करू नका. आपल्या मोठ्या माणसांना सांगा. आणि कोणी फोन करून गप्प राहिले, तर लगेच खाली ठेवू नका. थोडे थांबा. खाली ऑटो थांबल्यासारखा वाटतोय.