भिंतीतले तिरके भोक

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. खरे तर भिंतीचा उरलासुरला तुकडा आहे. माझ्या डोक्यावर छप्पर नाही आणि खांद्यांवर गवत माजले आहे. पण माझ्या अंगात खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक तिरके भोक आहे. ते कशासाठी, सांगता येईल?

फार पूर्वी इथे मठ होता. माझ्या एका अंगाला प्रार्थनेचे दालन आणि दुसऱ्या अंगाला आजाऱ्यांची खोली. त्या खोलीत एक वृद्ध संन्यासी राहत. त्यांचे पाय गेले होते, पण पहाटेची प्रार्थना चुकवायची नाही हा त्यांचा नेम. तेव्हा अंथरुणावरून त्यांना दालनातला दिवा दिसावा, अशा बेताने पाथरवटांनी हे भोक पाडले.

पहाटे मठात मौन असे. म्हणून जाग आली की ते भोकाशी तोंड नेऊन एकदा खोकत. तो खोकला पलीकडे दिव्यापाशी अगदी कानात आल्यासारखा ऐकू येई आणि मगच प्रार्थना सुरू होई. एकदा दालनातल्याच कुणाला तरी ठसका लागला आणि सगळे गायला लागले! इकडे आजोबा गाढ झोपेत.

मग एका पहाटे खोकला आलाच नाही. सगळे बराच वेळ थांबले. मीही थांबले.

पुढे मठ ओस पडला. लोकांनी माझे दगड गोठ्यांसाठी नेले. पाहुणे येत, माझ्या जाडीचे कौतुक करत आणि निघून जात. भोकाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

यंदा माझी डागडुजी निघाली. एक गवंडी आला आणि चुना कालवायला त्याची थोरली बहीण.

"ताई, हे उंदराचं बीळ दिसतंय. बुजवून टाक."

"उंदीर कधीपासून छिन्नी वापरायला लागला रे? कडा बघ किती गुळगुळीत!"

"मी वाकून बघितलं. पलीकडे काही दिसत नाही."

"उभ्या उभ्या वाकलास ना?"

"मग काय लोळण घेऊ? बुजव म्हणतो ना!" असे म्हणून तो दालनाच्या बाजूला गेला.

माझा जीव टांगणीला लागला. ताईने थापीवर चुना घेतला. तिचे गुडघे दुखत होते, म्हणून ती जमिनीवर फतकल मारून बसली, चांगली कोपरावर रेलली. भोक तिच्या डोळ्यांसमोर आले. तिची थापी हातातच राहिली. तेवढ्यात चुन्याची पूड नाकात गेली आणि ती खोकली.

"अगं ताई! दचकलो ना!" पलीकडून गवंडी ओरडला. "माझ्या मागे कधी आलीस?"

"मी इकडेच आहे. तुझ्या पायाशी खळगा पडलेला दगड आहे बघ. इथून नेमका तेवढाच दिसतो."

गवंडी वळसा घालून आला. खरोखरच आडवा झाला, एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत राहिला.

"दिवा ठेवायचा दगड आहे तो," तो हळूच म्हणाला. "इथं कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असणार, ताई."

तो चुना त्यांनी वरच्या भेगेत भरला.

मित्रांनो, जुन्या वस्तूतले काही निरुपयोगी वाटले, तर ते बुजवण्याआधी जरा खाली बसून बघा. आणि कधी इकडे आलात, तर भोकाशी तोंड नेऊन हळूच एकदा खोका. पलीकडे आता दिवा नाही, पण मी अजून थांबलेली आहे.