शेण देत नाही

भाताच्या रोवणीचे दिवस होते. केवळरामने म्हशींना खायला तणस टाकली आणि शेण ओढून गोठ्याच्या फाटकाच्या आत ढीग केला. पूर्वी हे काम त्याची बायको शकुनबाई करायची. ती गेली तेव्हापासून तोच करतो.

ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर कोतवाल मंगरू सांगत होता, की आज विजा पडण्याची शक्यता आहे, झाडाखाली कोणी थांबू नये. असा निरोप आता रोजच येई. त्यासाठी रोवणी कोणी थांबवत नसे.

मोठा कडकडाट झाला. थोड्याच वेळात ताराचंद घमेलं घेऊन पळत आला. मागे चार माणसं.

"केवळराम, शेन दे गा. लवकर! आमच्या तृप्तीवर ईज पडली."

"कुठं आहे सून?"

"देवळापाशी आनली. गड्डा खोदून राहिले."

वीज लागलेल्याला गळ्यापर्यंत ओल्या शेणात पुरलं, की अंगातली वीज शेण ओढून घेतं, असं गाव मानत आलं होतं. मागच्या रोवणीत शकुनबाईला असंच पुरलं. शेण याच गोठ्यातलं. तिचे ओठ हलत होते. लोक म्हणाले, "ईज उतरून राहिली." केवळराम तिच्या डोक्याशी बसून वाट पाहत राहिला. ओठ थांबल्यावर तिला बाहेर काढून धुतलं.

पुढे उपकेंद्राची नर्स घरी आली. वीज अंगात राहत नाही, म्हणाली. श्वास थांबला तर छाती दाबत राहायची आणि दवाखान्यात न्यायचं. तिने उशीवर दाबून दाखवलं. उशी शकुनबाईची होती.

केवळराम ढिगासमोर उभा राहिला.

"शेन देत नाही."

"काहून?"

"भाव वाढवून राहिला का बे?" मागून कोणीतरी बोललं.

"तुही बायको नाही वाचली, मनून माह्या सुनेले मारतं का?" ताराचंद ओरडला.

केवळरामने गोठ्याचं फाटक ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि देवळाकडे चालू लागला. माणसं शिव्या देत मागे आली.

तृप्ती खड्ड्याच्या काठावर पडली होती. छाती हलत नव्हती. तो गुडघ्यावर बसला, तिच्या छातीवर हात ठेवला, तोच ताराचंदच्या बायकोने, मालनबाईने, त्याचा हात झटकला.

"सुनेच्या आंगाले हात लावतं? लाज नाही वाटत?"

"मंग तू लाव, वहिनी. अशी दाब."

मालनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग खड्ड्याकडे. मग पदर खोचून ती खाली बसली.

"जोरानं. हाड मोडलं त मोडू दे. थांबू नोको."

ती रडत दाबत राहिली. तिचे हात थकले तेव्हा केवळरामने दाबलं. आता कोणी अडवलं नाही. बऱ्याच वेळाने तृप्तीच्या घशातून घरघर निघाली. छाती आपोआप उचलली. ताराचंदच्या हातातलं घमेलं खाली पडलं.

"आटो आन गा," केवळराम त्याला म्हणाला.

संध्याकाळी तालुक्याच्या दवाखान्यातून ताराचंदचा फोन आला. तृप्ती बोलली होती. केवळरामने ऐकून घेतलं. त्याला बरं वाटलं की नाही, हे त्याला कळलं नाही. त्याने धार काढली. देवळापाशी खड्डा अजून उघडाच होता. त्याने एकट्याने तो मातीने बुजवला.

सकाळी तो मंगरूकडे गेला.

"निरोप आला का?"

"आला. आजबी ईजा आहेत मनते."

"तुहं सांगून झालं की माईक मले दे."

भोंग्यातून आधी मंगरूचा आवाज गेला. मग केवळराम बोलला.

"ईज पडली त मानसाले शेनात पुरू नका. छाती दाबा, दवाखान्यात न्या. माही शकुन पुरली, तवा जित्ती होती."