मी तेलपिती

मी बोलतेय ती इंजिन चालू ठेवूनच, तेव्हा जरा जवळ येऊन ऐका. मी डिझेलची पिकअप आहे. रंग एके काळी पांढरा होता, आता आमच्या सिंगिडा भागाच्या लाल मातीने दिला तो आहे. मागचा फाळका दोरीने बांधलाय. पण मला भंगार म्हणालात तर खबरदार!

समुद्रापलीकडच्या कारखान्यात माझा जन्म झाला. त्याचं मला फारसं कौतुक नाही. तिथे सगळ्या बहिणी एकाच तोंडवळ्याच्या. आधी विहिरी खणणाऱ्या एका संस्थेकडे होते. ते लोक काचा वर करून बसायचे आणि आमच्या धुळीला नावं ठेवायचे. विहिरी झाल्या, ते गेले आणि मला अंतोनने घेतलं. अंतोन भला माणूस, पण गिअर टाकायचा तो लाथ मारल्यासारखा. सूर्यफुलाची शेती आणि दारात छोटा तेलघाणा, एवढा त्याचा संसार. तो तापाने गेला तेव्हा शेवटचं त्याला मीच नेलं. तेव्हापासून माझं स्टिअरिंग त्याच्या बायकोच्या, मोडेस्टाच्या हातात आहे.

आमच्याकडे डिझेल कधी महाग, कधी मुळीच नाही. आणि घरात तेलाची पिंपं भरलेली. मोडेस्टाने रशिदी मिस्त्रीला बोलावलं आणि मला दुसरी टाकी बसवली. इंजिनातलं गरम पाणी नळीने त्या टाकीतून फिरवलं, म्हणजे घट्ट तेल पातळ होतं. मला डिझेलवर सुरू करायचं, तापले की कॉक फिरवून तेलावर घ्यायचं आणि बंद करण्याआधी आठवणीने परत डिझेलवर आणायचं. नाहीतर पंपात तेल राहतं, गार होतं आणि माझा घसा बसतो.

मी गेले की रस्त्यावर तळणाचा वास सुटायचा. शाळेतली पोरं वर्गातून नाक उडवायची. लोक मला तेलपिती म्हणू लागले. मला ते नाव आवडलं.

अंतोनचा धाकटा भाऊ गास्पारी याला मात्र आवडलं नाही. त्याची शहरात पिठाची गिरणी. एके दिवशी येऊन त्याने माझं बॉनेट उघडलं.

"वहिनी, ही गाडी आहे की मांदाझी तळायची कढई?"

"भूक लागली म्हणून आलात भाऊजी, की इंजिनावर डोळा आहे?" मोडेस्टाने विचारलं.

"शहरात बघा जरा. गॅसवर पळतात, विजेवर पळतात. डिझेलचे दिवस भरले. हिचं इंजिन माझ्या गिरणीला लावतो, सांगाडा भंगारात घालू."

ऐका हो! मला, रस्त्यावर पळणाऱ्या बाईला, गिरणीत खुंटीला बांधणार! मला गॅसचं वावडं नाही, विजेचंही नाही. येऊ देत त्या पोरी, रस्ता काही माझ्या बापाचा नाही. पण आमच्या गावाच्या आसपास गॅसचा पंप दाखवा. वीज तर आमच्याकडे उंबऱ्यातूनच परत जाणाऱ्या पाहुण्यासारखी येते. तोवर गावातल्या बायकांनी आमच्या घाण्यावर काढलेल्या तेलाचे डबे काय डोक्यावरून बाजारात न्यायचे? मी नव्हते तेव्हा दलाल अंगणात येऊन बसायचा आणि तो म्हणेल तोच भाव. ते दिवस मोडेस्टा विसरलेली नाही.

पण अंतोनची गाडी म्हणजे कुळाची गाडी, असं म्हणत वडीलधारी मंडळी झाडाखाली जमली. गास्पारीने अट घातली. भरल्या मालासकट, सूर्यफुलाच्या तेलावर, सेकेंकेचा घाट चढून दाखवायचा. चढली तर गाडी वहिनीची, नाहीतर इंजिन त्याचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला कुणी विचारलं नाही.

घाटाखाली शेलुईला तेल पोचवायचं आणि येताना तांदूळ भरून वर यायचं, असं ठरलं. साक्षीदार म्हणून गास्पारी शेजारी बसला. पायाशी त्याची जड पिशवी होती.

शेलुईला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. कुंपणापाशी अंतोनचे थोरले काका, म्हणजे मोडेस्टाचे चुलतसासरे, म्हातारे म्पाही उभे होते. आता आमच्याकडे सासऱ्यासमोर सुनेने गाडी गुरगुरत ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर खाकरण्यासारखं. मोडेस्टाने झटकन चावी फिरवली, खाली उतरली आणि गुडघे टेकले.

"शिकामू, बाबा."

"मरहबा, पोरी, मरहबा. गुरं कशी आहेत? बाजरी? तुझ्या आईचा गुडघा? अगं, ऊठ, आत चल."

बाबा हात धरून तिला घरात घेऊन गेले. कॉक तेलावरच राहिला. मी ओरडून सांगितलं असतं, पण चावी काढली की मला वाचा नसते. गास्पारीने कॉककडे पाहिलं. मला दिसलं ते. मग तो शीळ घालत आत गेला.

सकाळी बोचरा वारा सुटला होता. तांदळाची पोती चढली, मोडेस्टाने चावी फिरवली. मी खरखरले आणि गप्प झाले. पुन्हा खरखर. पुन्हा गप्प.

गास्पारीने पिशवी उघडली. आत पुसून लखलखीत केलेले पाने, सगळ्या मापाचे.

"वहिनी, घाट लांबच राहिला. इथेच काढून घेतो इंजिन. न्यायला गाडी सांगून ठेवलीय."

मोडेस्टाने एकदा पान्यांकडे पाहिलं, एकदा कॉककडे.

"सांगूनही ठेवलीत? काल तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात ना भाऊजी?"

"सासऱ्यांशी बोलत होतात. मध्ये तोंड कसं घालणार?"

मोडेस्टाने पिशवीतून हवा तो पाना उचलला आणि ओरडली, "अगं बायांनो, पेज उतरवा चुलीवरून! गरम पाणी आणा!"

कढत फडकी माझ्या पंपावर पडली. तिने नळ्या सैल केल्या, घट्ट तेल जमिनीवर सोडलं, हाताने पंप मारून डिझेल चढवलं, हवा काढली. कोपरापर्यंत काळी झाली. म्हातारे म्पाही काठी टेकत आले.

"माझ्या रामरामापायी गाडीला सर्दी झाली म्हणा की!"

मी खोकले. दाट पांढरा धूर सोडला. आणि सुरू झाले!

"पुढे मी बसतो," बाबा म्हणाले. "वाटेत कुणी म्हातारा भेटला तर नमस्कार-चमत्कार मी करीन. तू इंजिन बंद करायचं नाहीस. गास्पारी, तू जा मागे पोत्यांवर."

घाट लागला तेव्हा मी तापले होते. मोडेस्टाने कॉक तेलावर घेतला. वळणं, खड्डे, कडेला बंद पडलेला एक मोठा ट्रक. अर्ध्यावर माझा जोर ओसरला. तिचा हात कॉककडे गेला. डिझेलची टाकी तिथेच होती, कॉक फिरवला तर मागच्या गास्पारीलाही कळलं नसतं. तिने हात मागे घेतला आणि माझ्या डॅशबोर्डवर थाप मारली.

"चल गं. रडू नकोस."

मी रडत नव्हते. शिव्या देत होते. घाटाला, गास्पारीला, भंगारवाल्याला, सगळ्यांना. आणि वर आले.

माथ्यावर तिने आधी कॉक डिझेलवर आणला, घाई न करता थोडा वेळ मला तसंच चालू ठेवलं आणि मगच बंद केलं. गास्पारी तांदळाची धूळ झटकत उतरला.

"चढली खरी. पण सकाळी बंद पडली ते धरायला हवं. मंडळींना सांगेन मी."

"सांगा," मोडेस्टा म्हणाली. "कॉक तेलावर दिसला होता आणि मी गप्प बसलो, हेही सांगा. चूक माझी होती, गाडीची नव्हे. आणि आता कुणी पुन्हा झाडाखाली जमून अट घालायची नाही. बियाणं आणायला, बाजाराला, माझ्या नवऱ्याला पोचवायला हिलाच पुढे केलं, तेव्हा कुणी अट घातली नव्हती. गाडी माझी आहे."

म्हातारे म्पाही घाटाखाली बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली. गास्पारीने पिशवीकडे हात केला.

"पाने राहू देत," ती म्हणाली. "हिचं पोट उघडायची वेळ आली तर मी उघडीन."

मी अजून चालते. सकाळी धूर जास्त सोडते, थंडीत कुरकुरते. कधीतरी थांबेन. माझ्या जागी विजेवरची एखादी पोर येईल, खुशाल येऊ दे. फक्त तिलाही तिच्या मालकिणीनेच उघडावं आणि बंद करावं, दुसऱ्या कुणी नाही. माझी दया मात्र येऊ देऊ नका.

आता बाजूला व्हा. मागे बायकांचं तेल आहे आणि आम्हाला बाजार गाठायचा आहे.