पडद्यामागचा कादंबरीकार

साहित्य महोत्सवात मुलाखतीच्या ऐन वेळी कादंबरीकारांचा घसा बसला. तोंडातून नुसती हवा निघू लागली. त्यांच्यानंतर कार्यक्रम असलेला नकलाकार म्हणाला, “घाबरू नका हो. मी पडद्यामागे बसून तुमच्या आवाजात बोलतो. तुम्ही फक्त ओठ हलवा.”

मुलाखत घेणाऱ्या पत्रकार बाईंना पत्ताही लागला नाही. टाळ्या पडत होत्या आणि नकलाकाराला चेव चढत होता.

शेवटी प्रेक्षकांचे प्रश्न सुरू झाले. पहिल्याच रांगेतून कादंबरीकारांची बायको उठली.

“अहो, मला ट्रम्पेट शिकायचंय. घरी सराव केला तर तुमच्या लेखनात व्यत्यय येईल का?”

कादंबरीकार जिवाच्या आकांतानं ‘हो, हो’ अशी मान हलवू लागले. पण पडद्यामागून त्यांचाच आवाज घुमला, “व्यत्यय कसला गं? तू फुंकल्याशिवाय माझी लेखणी हलायचीच नाही!”

लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. पत्रकार बाईंनी तर डोळे पुसले. बायको लाजली आणि तिथूनच थेट वाद्यांच्या दुकानात गेली.

संध्याकाळी कादंबरीकारांचा घसा सुटला. “अगं, ते मी बोललोच नव्हतो!” असं ते घरभर ओरडत फिरले. पण ट्रम्पेटपुढे त्यांचं कोण ऐकणार?