नंबर कोणालाच सांगायचा नाही

मित्रांनो, मी बटणांचा एक जुना मोबाइल आहे. माझं झाकण रबर लावून जागेवर बसवलंय, पण आवाज अजून खणखणीत आहे. याच आवाजामुळे एका दुपारी जो गोंधळ झाला, तो मला आजही नीट उमगलेला नाही. तुम्हाला कळला तर सांगा बुवा.

एका कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले. राजवाड्याजवळच्या दुकानातून ज्ञानदीपजींनी मला सुदामा नगरातल्या त्यांच्या घरी आणलं. तेव्हा घरात मी एकटाच मोबाइल. गॅसच्या नोंदणीपासून त्यांच्या लहानग्या मुलीच्या, पंचशीलाच्या आधार कार्डापर्यंत सगळीकडे माझाच नंबर लिहिला गेला. शेजारी खास मला बघायला यायचे. काय तो थाट! पुढे पडद्यावर बोट फिरवायचे फोन आले आणि मी ज्ञानदीपजींच्या आईकडे, भीमाबाईंकडे गेलो. त्या मला रोज पदराने पुसतात. बाकी कोणी ढुंकूनही बघत नाही.

यंदा पंचशीला कॉलेजात निघाली. स्कॉलरशिप मिळाली तरच फी भरता येणार होती आणि अर्जाची मुदत त्या दिवशी पाचला संपत होती. ज्ञानदीपजींनी उत्पन्नाचा दाखला आणला, पंचशीलाची आई धम्मदीना गुणपत्रिका सांभाळत बसली, पंचशीला लॅपटॉपवर अर्ज भरू लागली. भीमाबाईंना मात्र सांगितलं, "आई, तू आत आराम कर."

जरा वेळाने माझ्याकडे एक मेसेज आला. त्यात सहा आकडे होते. भीमाबाईंनी तो लगेच पुसला. बाहेरून पंचशीला ओरडली, "ओटीपी आलाच नाही!" पुन्हा मेसेज आला, पुन्हा पुसला गेला. बाहेर ज्ञानदीपजी आपल्या नव्या फोनचं सिम काढून फुंकत होते. "सर्व्हर डाउन असेल, और क्या," ते म्हणाले. आलेला मेसेज दाखवणं हे माझं काम. ते मी चोख करत होतो, मग बाहेर रडारड कसली?

चौथ्यांदा वाजलो तेव्हा पंचशीला पाणी प्यायला आत आली होती.

"आजी, दाखव ना! माझ्या आधारला हाच नंबर असेल!"

"बिल्कुल नाही. तुझ्या बापाने ताकीद दिलीय. नंबर कोणालाच सांगायचा नाही, मेसेज पुसून टाकायचा. लुटतात म्हणे."

ज्ञानदीपजी धावत आले. "आई, मी स्वतः मांगतोय!"

"तूच म्हणाला होतास, मी मांगितला तरी देऊ नको."

साडेचार वाजून गेले होते. भीमाबाईंचा अंगठा माझ्या बटणावर होता आणि मी पार भांबावलो होतो. मुलाचं ऐकलं म्हणून मुलगाच चिडला, हे कसं?

तेव्हा पंचशीला आजीजवळ बसली आणि तिने कॉलेज, फी, अर्ज, सगळं पहिल्यापासून सांगितलं. भीमाबाईंनी चष्मा लावला आणि एकेक आकडा स्वतः वाचून दाखवला. पाचच्या आत अर्ज गेला.

"हे मला सकाळीच का नाही सांगितलं?" भीमाबाईंनी विचारलं.

मित्रांनो, मला चार्जिंगला लावायला विसरलात तरी चालेल. पण घरात मोठं काम निघालं, की आतल्या खोलीतल्या माणसालाही त्यात घ्या. नातीचं कॉलेज आपल्याच अंगठ्याने पुसलं जाणार होतं, हे कळल्यावर भीमाबाईंना त्या दिवशी घास गिळवेना. ते माझ्याने बघवत नव्हतं.